दुबईच्या फ्री झोनमध्ये कंपनी काढण्याआधी : खान्देशातल्या उद्योजकांसाठी पायरीपायरीनं

‘पंधरा दिवसांत कंपनी, शंभर टक्के मालकी, टॅक्स शून्य.’ जळगाव-धुळ्याच्या व्यापारी व्हॉट्सअ‍ॅप गटांवर ही जाहिरात सारखी फिरत असते. त्यातलं एकही वाक्य धडधडीत खोटं नाही. कंपनी खरंच लवकर निघते, मालकी पूर्ण मिळते आणि काही उत्पन्नावर कर शून्य असतो. अडचणी पुढं सुरू होतात. बँक खातं उघडत नाही, ज्याला माल विकायचा त्याला थेट विकता येत नाही, आणि वर्षा-दोन वर्षांनी इथला सीए विचारतो, “भाऊ, ही कंपनी रिटर्नमध्ये दाखवली का?”

म्हणून हा लेख परवान्यापासून सुरू होत नाही. फ्री झोनचा, म्हणजे जकातीतून वगळलेल्या खास पट्ट्याचा, परवाना ही विकत मिळणारी वस्तू आहे आणि ती विकणारे भरपूर आहेत. ती घ्यायची की नाही, आणि घेतली तर तिला लागून कोणत्या जबाबदाऱ्या येतात, ते आधी बघू.

पहिली पायरी : तुमचं गिऱ्हाईक कुठं बसलंय?

कागद घ्या आणि एवढंच लिहा : माल कुठून निघणार, कुठं उतरणार, पैसे कोण देणार. कराचा विचार तूर्त बाजूला. आपल्याकडची तीन-चार उदाहरणं घेतली तर मुद्दा लगेच कळतो.

रावेर-यावल पट्ट्यातला केळी निर्यातदार घ्या. तांदलवाडी-सावद्याकडची जी-नाईन केळी खोक्यात भरून रीफर म्हणजे थंड कंटेनरनं न्हावा शेव्याला जाते, तिथून दुबईच्या जेबेल अली बंदरात. तिकडचा आयातदार ती उतरवून घेतो, त्याच्या पिकवणी केंद्रात पिकवतो आणि दुबईच्या अल अवीर मंडईत किंवा सुपरमार्केटला देतो. या साखळीत फ्री झोनमधली तुमची कंपनी कुठं बसते? बहुतेक वेळा कुठंच नाही. केळी तेरा-चौदा अंशांवर सांभाळायची असते, गोदामात महिनाभर ठेवायची चीज नाही. शिवाय अल अवीर मंडई मुख्य भूमीवर, म्हणजे तिकडच्या भाषेत ‘मेनलँड’वर आहे, तिथं गाळा घेऊन बसायचं तर मेनलँडचा परवाना हवा. या निर्यातदाराला मी तर सांगेन, आबा, अपेडा या शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेची नोंदणी, माल कीड-रोगमुक्त असल्याचं फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र आणि चांगला आयातदार एवढं पक्कं करा, कंपनीच्या फंदात पडू नका.

जळगाव एमआयडीसीतला प्लास्टिक चटई किंवा पीव्हीसी पाइपवाला मात्र वेगळा. त्याचं गिऱ्हाईक मोम्बासा, दार-एस-सलाम, जिबूती, एडन अशा ठिकाणी. हे व्यापारी खरेदीला दुबईत येतात, चार कारखान्यांचा माल एका कंटेनरमध्ये भरून नेतात. जळगावहून पूर्ण कंटेनर घ्यायची त्यांची ऐपत किंवा इच्छा नसते, पण दुबईत गोदामात माल तयार दिसला तर पन्नास गाठी उचलतात. इथं जेबेल अलीतलं गोदाम खरंच कामाचं. माल खराब होत नाही, पुन्हा निर्यात होतो, आणि तो संयुक्त अरब अमिरातीच्या बाजारात शिरतच नसल्यानं तिथली जकातही लागत नाही.

नंदुरबार-दोंडाईच्याचा मिरचीवाला या दोघांच्या मधे. पथारीवर वाळवलेली मिरची तशीच पाठवायची असेल तर आयातदार पुरेसा. पण तिकडं दळून, पाकिटं भरून स्वतःच्या नावानं विकायची असेल तर तो प्रक्रिया उद्योग झाला, आणि प्रक्रियेला फ्री झोनचे नियम बरेच अनुकूल आहेत.

चौथा आपला धुळ्याचा किंवा शिरपूरचा सॉफ्टवेअरवाला. अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाचं काम शिरपुरात बसून करतो आणि बिल दुबईच्या कंपनीचं फाडावं म्हणतो. त्याच्याबद्दल पुढं भारतातल्या कायद्यापाशी बोलू, कारण त्याचं दुखणं तिथंच आहे.

दुसरी पायरी : फ्री झोन की मेनलँड

फ्री झोन म्हणजे देशाच्या हद्दीत असूनही जकातीच्या हिशेबानं देशाबाहेर मानलेला पट्टा. अमिरातीत असे चाळीसहून अधिक आहेत. सगळ्यात जुना आणि मोठा जेबेल अलीचा जाफ्झा, १९८५ सालचा. शारजात हमरिया आणि विमानतळाजवळचा सैफ, दोन्ही १९९५ चे. रास अल खैमातल्या दोन जुन्या संस्था एकत्र करून २०१७ मध्ये राकेझ उभा राहिला. कारखान्याला जागा हवी असणारे तिकडं जातात, कारण दुबईपेक्षा भाडं कमी पडतं. दुबईतल्या वस्तू व्यापाराचा डीएमसीसी २००२ चा.

पूर्वी फ्री झोनकडं लोक धावायचे त्याचं मोठं कारण मालकी होतं. मेनलँडवर कंपनी काढायची तर ५१ टक्के हिस्सा स्थानिक नागरिकाच्या नावावर लागायचा. १ जून २०२१ पासून बहुतेक धंद्यांना ही अट उरली नाही. तेव्हा ‘शंभर टक्के मालकी’ हे आता फ्री झोनचं वैशिष्ट्य राहिलेलं नाही. सल्लागार अजूनही ते ठळक अक्षरात छापतात, ते सोडून द्या.

आता निवड अशी करायची. माल किंवा सेवा अमिरातीतल्याच गिऱ्हाइकांना, दुकानांना, हॉटेलांना विकायची असेल तर मेनलँड सरळ पडतं. माल येऊन पुन्हा बाहेर जाणार असेल, किंवा तिथं कारखाना टाकून निर्यात करायची असेल तर फ्री झोन. फ्री झोनमधल्या कंपनीनं मेनलँडवर विकलं तर तो माल आयात झाल्यासारखा धरतात : जकात, व्हॅट, आयातदाराचा कोड, सगळं आलं. दुबईनं २०२५ पासून काही कामांसाठी फ्री झोन कंपन्यांना मेनलँडवर काम करायचा वेगळा परवाना द्यायला सुरुवात केली आहे, पण त्या उत्पन्नावर नेहमीचा ९ टक्के कर लागतो.

झोन निवडताना जाहिरातीतल्या किमतीपेक्षा दोन गोष्टी बघा. एक, तो ‘डेझिग्नेटेड झोन’च्या सरकारी यादीत आहे का. व्हॅटसाठीही आणि कॉर्पोरेट करासाठीही हे लागतं, आणि प्रत्येक फ्री झोन त्या यादीत नसतो. दुसरं, बंदर. आफ्रिकेकडं माल पाठवणाऱ्यानं नकाशा उघडून बघावा : खोर फक्कन आणि फुजैरा ही बंदरं होर्मुझच्या सामुद्रधुनीच्या बाहेर आहेत, जेबेल अली आत.

चटई-पाइपवाल्यांनी भारत मार्टवरही नजर ठेवावी. जाफ्झातच भारतीय उत्पादकांसाठी गोदाम आणि शोरूम एकत्र अशी ही योजना. तिची पायाभरणी फेब्रुवारी २०२४ मध्ये झाली. छोट्या कारखानदाराला स्वतंत्र गोदाम परवडत नाही, त्याच्यासाठीच तो विचार आहे.

दुबई म्हणजेच परदेश असं आपल्याकडं धरून चालतात. तसं काही नाही. गिऱ्हाईक खरोखर पूर्व आफ्रिकेतच असेल तर केनियाच्या एक्स्पोर्ट प्रोसेसिंग झोनमध्ये पहिली १० वर्षं कंपनी कर माफ आणि पुढची १० वर्षं २५ टक्के आहे. अट अशी की माल मुख्यतः निर्यात व्हायला हवा. सौदीनं २०२३ मध्ये जाहीर केलेल्या नव्या विशेष क्षेत्रांत ५ टक्के दर ठेवलाय, २० वर्षांपर्यंत. ओमानचे सोहार आणि सलालाह हे झोनही आहेत. पण पहिल्यांदाच बाहेर पडणाऱ्याला बँक, भाषा आणि आपली माणसं या तिन्हींसाठी दुबई-शारजा सोपं जातं हे खरं, म्हणून पुढचं सगळं तिथलंच सांगतो.

तिसरी पायरी : ‘शून्य’ नेमकं कशावर, ते समजून घ्या

अमिरातीत २०२२ च्या कायद्यानं कॉर्पोरेट टॅक्स आला. १ जून २०२३ रोजी किंवा त्यानंतर सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षापासून तो लागू आहे. साध्या कंपनीला ३,७५,००० दिरहमपर्यंतच्या नफ्यावर शून्य, त्यावर ९ टक्के. आजच्या भावानं ही मर्यादा साधारण ९० लाख रुपये होते. दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या दरानं बांधलेला आहे, त्यामुळं डॉलर हलला की रुपयातला हा आकडा हलणार.

फ्री झोनमधल्या कंपनीला शून्य टक्के मिळतो, पण फक्त ‘क्वालिफाइंग’ म्हणजे पात्र उत्पन्नावर, आणि कंपनी स्वतः पात्र ठरली तरच. पात्र उत्पन्नात काय येतं? झोनमधलं उत्पादन आणि प्रक्रिया. डेझिग्नेटेड झोनमधून पुढं विकणाऱ्या व्यापाऱ्याला केलेलं वितरण. लॉजिस्टिक्स. इतर फ्री झोन कंपन्यांशी केलेले बरेचसे व्यवहार. काही कच्च्या वस्तूंचा व्यापार. यादी याहून मोठी आहे, पण जहाजं, पुनर्विमा, फंड व्यवस्थापन वगैरेंशी आपलं काम नाही. सामान्य माणसाला थेट केलेली विक्री मात्र साधारणपणे बाहेर.

चटईवाल्याच्या हिशेबात हे बसवून बघा. जेबेल अलीतल्या गोदामातून मोम्बासाच्या घाऊक व्यापाऱ्याला गाठी विकल्या : वितरण, पात्र. त्याच गोदामातून दुबईत राहणाऱ्या कुणाला घरासाठी चार चटया दिल्या : अपात्र. आता ‘चार चटयांनी काय होतं’ असं वाटेल. अपात्र उत्पन्नाला मर्यादा आहे : एकूण उत्पन्नाच्या ५ टक्के किंवा ५० लाख दिरहम, यातलं जे कमी असेल ते. उलाढाल ४० लाख दिरहम असेल तर तुमची मर्यादा फक्त २ लाख. ती ओलांडली की त्या वर्षाची पात्रता तर जातेच, पुढची चार वर्षंही जाते. पाच वर्षांचा शून्य टक्का किरकोळ विक्रीपायी घालवणं हे व्यापाऱ्याच्या जातीला शोभत नाही, म्हणून गोदामावर बसवलेल्या पोराला हे पहिल्या दिवशी समजावून सांगा.

बाकीच्या अटी अशा : झोनमध्ये खरंखुरं काम चालायला हवं, म्हणजे माणसं, जागा, खर्च, निर्णय तिथं दिसले पाहिजेत, हिशेब तपासणी झालेले हवेत, आणि आपल्याच दुसऱ्या कंपनीशी व्यवहार बाजारभावानं हवेत. नुसतं एक टेबल भाड्यानं घेऊन, माणूस एकही न ठेवता शून्य टक्का मागायचा म्हटलं तर ते टिकत नाही.

आणखी एक बारकावा बरेच सल्लागार सांगत नाहीत. पात्र फ्री झोन कंपनीला अपात्र उत्पन्नावर ९ टक्के पहिल्या दिरहमपासून लागतो. ३,७५,००० ची सूट तिला नसते. शिवाय ३० लाख दिरहमपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या धंद्यांसाठी जी खास सवलत आहे, ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत संपणाऱ्या करवर्षांपुरती, तीही पात्र फ्री झोन कंपनीला मिळत नाही. म्हणजे छोट्या धंद्याला कधी कधी साधी मेनलँड कंपनीच कराच्या हिशेबानंही बरी पडते. हा हिशेब मांडूनच पुढं जा.

कर शून्य असला तरी नोंदणी सुटत नाही. १ मार्च २०२४ नंतर स्थापन झालेल्या कंपनीनं तीन महिन्यांत कॉर्पोरेट टॅक्सची नोंदणी करायची असते. उशीर झाला तर दंड १०,००० दिरहम. व्हॅट वेगळा : तो १ जानेवारी २०१८ पासून ५ टक्के आहे आणि ३,७५,००० दिरहमच्या वर करपात्र विक्री गेली की नोंदणी सक्तीची.

चौथी पायरी : रुपये जळगावहून कसे जाणार

सगळ्यात जास्त गफलती इथं होतात, आणि त्या दुबईत नाही, भारतात महागात पडतात. परदेशी कंपनीत हिस्सा घेणं याला फेमा या परकीय चलनाच्या कायद्याखाली परदेशी थेट गुंतवणूक, बँकेच्या भाषेत ओडीआय, म्हणतात. २२ ऑगस्ट २०२२ पासून त्याचे नवे नियम आहेत.

आधी ठरवा, पैसे कोण घालणार. तुमची प्रायव्हेट लिमिटेड, एलएलपी किंवा नोंदणीकृत भागीदारी संस्था घालू शकते; तिला नक्त मालमत्तेच्या ४०० टक्क्यांपर्यंत परवानगीशिवाय मुभा आहे. आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या भागीदाऱ्या करारपत्रावर चालतात, पण रजिस्ट्रारकडं नोंदवलेल्या नसतात. ते आधी तपासा, कारण नोंदणी नसलेल्या भागीदारीला या नियमांत जागा नाही. प्रोप्रायटर असाल तर तुम्ही व्यक्ती म्हणून जाता, आणि व्यक्तीला एलआरएसची, म्हणजे परदेशी पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेची, मर्यादा : आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलर. व्यक्तीनं घातलेले पैसे भागभांडवल म्हणून जातात. कंपनीला कर्ज दिलं असं करता येत नाही. आणि तुमचं नियंत्रण असलेल्या त्या कंपनीखाली आणखी उपकंपनीही काढता येत नाही.

व्यक्ती म्हणून पाठवलं तर वर्षात १० लाख रुपयांच्या वर २० टक्के टीसीएस, म्हणजे बँकेनं आगाऊ घेतलेला आयकर, कापला जातो. तो बुडत नाही, रिटर्नमध्ये वळता करता येतो, पण तोवर खेळतं भांडवल अडकतं. ऐन केळीच्या हंगामात हे जाणवतं. कंपनीमार्फत गेलेल्या ओडीआयला एलआरएस लागत नाही, म्हणून हा टीसीएसही नाही.

क्रम असा असतो : बँकेत फॉर्म एफसी, त्यावरून रिझर्व्ह बँकेकडून यूआयएन हा ओळख क्रमांक, आणि तो हातात आल्यावरच पैसे रवाना. आधी पाठवून मागून कागद करू, हे चालत नाही. पैसे गेल्यावर सहा महिन्यांत शेअर सर्टिफिकेट बँकेत जमा करायचं. तुमच्या शाखेतल्या मॅनेजरनं आयुष्यात ओडीआयची फाइल बघितली नसण्याची शक्यता बरीच आहे. त्याच्याशी वाद घालू नका. फाइल नाशिक, पुणे किंवा मुंबईच्या परकीय चलन विभागाकडं कुणाच्या टेबलावर जाते ते विचारा आणि थेट तिथं बोला.

‘शारजात मावसभाऊ आहे, त्याच्या नावावर काढू’ हा सल्ला फार प्रेमानं दिला जातो. नका ऐकू. अमिरातीत खऱ्या लाभार्थी मालकाची नोंदवही ठेवावी लागते, आणि २०१८ पासून तिथल्या खात्यांची माहिती करारानं आपल्या आयकर खात्याकडं येते. लपवलेली परदेशी मालमत्ता सापडली तर २०१५ चा काळ्या पैशाचा कायदा लागतो. हवालाचा तर प्रश्नच नाही.

नफा दुबईत, मालक भुसावळात : मग कर कुणाचा?

ही पायरी नाही, पण पुढच्या सगळ्या पायऱ्या हिच्यावर उभ्या आहेत.

तुम्ही भारतात राहता, तर दुबईच्या कंपनीनं दिलेला लाभांश तुमच्या स्लॅबप्रमाणं इथं करपात्र. तिथला शून्य टक्का हा नफा तिथंच ठेवून धंदा वाढवायचा असेल तोवर उपयोगी. घरी आणायचा म्हटलं की इथला कर भरावा लागणार. घर बांधायला, पोरीच्या लग्नाला पैसे काढायचे असतील तर फ्री झोननं तुमचा कर वाचवला नाही, फक्त पुढं ढकलला.

दुसरा प्रश्न, कंपनी चालवतो कोण? कागदावर दुबईचा मॅनेजर, पण कुणाला उधार द्यायचं, काय भाव लावायचा, हे सगळं भुसावळातून फोनवर ठरत असेल, तर कंपनीचं प्रत्यक्ष व्यवस्थापन भारतात आहे असं आयकर खातं म्हणू शकतं आणि तिच्या सगळ्या नफ्यावर इथं कर लावू शकतं. आर्थिक वर्षात ५० कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्या परदेशी कंपनीला ही कसोटी लावायची नाही, असं २०१७ च्या परिपत्रकानं सांगितलंय, म्हणून आपल्यापैकी बहुतेकांना सध्या धोका कमी. पण धंदा वाढला तर संचालकांच्या बैठका खरंच तिकडं व्हायला हव्यात, आणि त्यांची इतिवृत्तं हवीत.

तिसरा प्रश्न भावाचा. समजा, चटईचा कंटेनर जळगावच्या कारखान्यानं दुबईच्या स्वतःच्याच कंपनीला २० लाखांना विकला आणि तिनं मोम्बासाला २६ लाखांना. इथला अधिकारी विचारणार : मधल्या सहा लाखांसाठी दुबईनं केलं काय? तिकडं गोदाम आहे, माणसं आहेत, उधारीची जोखीम ती कंपनी घेते, असं दाखवता आलं तर उत्तर आहे. माल न्हावा शेव्याहून थेट मोम्बासाला गेला आणि दुबईत फक्त बिल फाटलं, तर उत्तर नाही. संबंधित कंपन्यांतल्या अशा परदेशी व्यवहारांचा सीएचा दाखला दरवर्षी द्यावा लागतो, रक्कम छोटी असली तरी.

आता शिरपूरचा सॉफ्टवेअरवाला. काम करणारा शिरपुरात, लॅपटॉप शिरपुरात, गिऱ्हाइकाशी बोलणारा शिरपुरात. दुबईची कंपनी बिलापुरती. त्याला मी स्पष्ट सांगेन, भो, तुझं उत्पन्न इथलंच आहे. तू खरंच तिकडं राहायला गेलास तर गोष्ट वेगळी. तरी भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल तर भारतातल्या मुक्कामाच्या दिवसांचे नियम तुला जास्त कडक लागतात, ते सीएकडून मोजून घे.

पाचवी पायरी : परवाना

खरं तर हे सगळ्यात सोपं. नाव सुचवायचं, धंद्याचा प्रकार निवडायचा, प्राथमिक मंजुरी घ्यायची. मालक एकच असेल तर बहुतेक झोनमध्ये एफझेडई, एकाहून अधिक असतील तर एफझेडसीओ किंवा एफझेड-एलएलसी. व्यक्तीला पासपोर्ट, फोटो, पत्त्याचा पुरावा, बँकेचं विवरण. भागधारक तुमची भारतीय कंपनी असेल तर तिचे कागद आणि ठराव नोटरी, मग आपलं परराष्ट्र मंत्रालय, मग अमिरातीचा दूतावास असे शिक्के मारून न्यावे लागतात. यालाच सगळ्यात जास्त दिवस लागतात, म्हणून हे काम आधी लावा.

परवान्यावर कामाचं वर्णन नेमकं लिहून घ्या. ‘जनरल ट्रेडिंग’ महाग असतं आणि बँकेच्या डोळ्यात ते खुपतं. प्लास्टिक चटई, पाइप आणि फिटिंग असं थेट लिहिलेलं बरं.

जागा तीन प्रकारची : सामायिक टेबल, बंद ऑफिस, गोदाम. किती व्हिसे मिळतील ते जागेवर ठरतं. मालाचा धंदा असेल तर टेबलावर भागत नाही. आणि खर्च विचारताना दुसऱ्या वर्षाचा विचारा : नूतनीकरण, भाडं, एस्टॅब्लिशमेंट कार्ड, व्हिसा, ऑडिटर, हिशेबनीस, बँकेतली किमान शिल्लक. जाहिरातीतला आकडा बहुतेकदा पहिल्या वर्षाच्या परवान्याचाच असतो. ज्या सल्लागाराला दुसऱ्या वर्षाचा आकडा लेखी देता येत नाही, त्याच्याकडून उठून या.

व्हिसा काढलात तर एक लक्षात असू द्या : सलग सहा महिन्यांहून जास्त अमिरातीबाहेर राहिलं की साधा रहिवासी व्हिसा रद्द होतो.

सहावी पायरी : बँक खातं

परवाना हातात आणि खातं नाही, अशा कंपन्या कितीतरी. तिकडची बँक विचारते : पैसा कुठून आला, गिऱ्हाईक कोण, पुरवठादार कोण, तुम्ही इथं का आलात. तयारी इथून करून जा : जळगावच्या संस्थेची तीन वर्षांची ताळेबंदपत्रकं आणि रिटर्न, निर्यातीची जुनी बिलं आणि बिल ऑफ लेडिंग (जहाजावर माल चढल्याची पावती), दोन-तीन गिऱ्हाइकांच्या ऑर्डर, गोदामाचा भाडेकरार. जुना निर्यातदार असणं इथं फार उपयोगी पडतं. गिऱ्हाईक येमेन, सुदान, सोमालियाकडचं असेल तर प्रश्न जास्त येतात, ते लपवू नका.

माझं मत असं की परवान्याचे पैसे भरण्याआधीच दोन बँकांशी बोलावं : या झोनची, या धंद्याची, या देशातल्या गिऱ्हाइकांची कंपनी तुम्ही घेता का? सल्लागाराला हे आवडत नाही.

सातवी पायरी : माल, जकात आणि मूळ देशाचा दाखला

आखाती देशांची सामायिक जकात बहुतेक मालावर ५ टक्के आहे. सेपा हा भारत-अमिरात व्यापार करार १ मे २०२२ पासून लागू आहे. त्याखाली भारतीय मालाच्या बऱ्याच प्रकारांवर ही जकात शून्यावर आली किंवा टप्प्यानं कमी होतेय. पण त्यासाठी मूळ देशाचं प्रमाणपत्र हवं, आणि ते डीजीएफटी या केंद्राच्या परदेश व्यापार खात्याच्या पोर्टलवरून माल निघतानाच काढायचं.

इथं मिरचीवाल्यानं थांबून विचार करावा. नंदुरबारची मिरची थेट मेनलँडच्या आयातदाराला गेली तर सेपाचा फायदा सरळ मिळतो. तीच शारजाच्या झोनमध्ये दळून पाकिटं भरली आणि सौदीला पाठवली, तर सौदीच्या सीमेवर तो परदेशी माल धरला जातो, कारण फ्री झोनमधून बाहेर पडणारा माल जकातीसाठी परदेशीच मानतात. सौदी-कुवेतचं गिऱ्हाईक मोठं असेल तर प्रक्रिया मेनलँडवर करणं बरं पडतं का, हा हिशेब जागा घेण्याआधी मांडायचा. आफ्रिकेचं गिऱ्हाईक असेल तर हा प्रश्न येत नाही.

आणि माल झोनमध्ये आहे म्हणून इथलं काम संपत नाही. जळगावहून तो निर्यात झालाय. पैसे ठरलेल्या मुदतीत भारतात यायलाच हवेत, मग घेणारी कंपनी तुमचीच का असेना. चटया गोदामात पडून राहिल्या तरी मुदत धावत असते.

दरवर्षी काय काय

तिकडं : परवान्याचं नूतनीकरण, ऑडिट, आणि वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांत कॉर्पोरेट टॅक्सचं रिटर्न. कागद सात वर्षं जपायचे. व्हॅटची नोंदणी असेल तर त्याची रिटर्न वेगळी, साधारण तिमाही.

इकडं : गुंतवणूक कंपनीनं किंवा भागीदारीनं केली असेल तर १५ जुलैपर्यंत रिझर्व्ह बँकेला एफएलए, म्हणजे परदेशी देणी आणि मालमत्तेचं विवरण. ३१ डिसेंबरपर्यंत बँकेमार्फत एपीआर, म्हणजे त्या कंपनीचा वार्षिक अहवाल. आयकर रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेचं परिशिष्ट. ते कॅलेंडर वर्षाप्रमाणं भरतात, आपल्या मार्चच्या हिशेबानं नाही. कंपनीला एक दिरहम नफा झाला नसला तरी हे भरायचं. न दाखवल्यास १० लाख रुपये दंडाची तरतूद आहे. एपीआर चुकला तर उशीर शुल्क भरून सुटका होते, पण तोवर बँक त्या कंपनीसाठी पुढचे पैसे सोडत नाही.

बंद करायची वेळ आली तर

परवान्याचं नूतनीकरण नाही केलं की कंपनी आपोआप मरते, हा समज चुकीचा. दंड चढत राहतो आणि तुमच्या नावावर अमिरातीत अडथळा तयार होतो. रीतसर क्रम असा : व्हिसे रद्द, गोदामाचा करार मिटवणं, वीज-पाण्याची थकबाकी, लिक्विडेटरचा (कंपनीचा हिशेब मिटवणाऱ्याचा) अहवाल, व्हॅट आणि कॉर्पोरेट टॅक्सची नोंदणी रद्द, बँक खातं बंद, मग झोनचं बंद प्रमाणपत्र. शिल्लक राहिलेले पैसे ९० दिवसांत भारतात आणायचे, आणि ते आल्यापासून ३० दिवसांत बँकेमार्फत रिझर्व्ह बँकेला गुंतवणूक काढून घेतल्याचं कळवायचं. बंद प्रमाणपत्राची मूळ प्रत आणि बँकेची पोच सीएकडं न ठेवता स्वतःच्या कपाटात ठेवा. पुढच्या काही रिटर्नच्या वेळी ती पुन्हा मागितली जाते.